सीओटू डिफ्यूझर: कोणता घ्यायचा, कसा लावायचा आणि नेमकं कुठे चुकतं

"डिफ्यूझर बेकार निघाला, आता दुसरा कुठला घेऊ?" प्लांटेड टँकवाल्यांचा, म्हणजे माशांसोबत पाण्यातली झाडं वाढवणाऱ्यांचा, हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता मी आधी फोटो मागवतो. डिफ्यूझर म्हणजे झाडांना लागणारा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बारीक छिद्रांच्या डिस्कमधून बुडबुडे करून पाण्यात सोडणारं उपकरण. फोटोत काय दिसतं, तर डिफ्यूझर चांगला असतो, पण गॅसचं प्रेशर त्याला पुरत नसतं, किंवा डिस्क कोरडीच बसवलेली असते, किंवा एअर पंपाचीच सिलिकॉन ट्यूब गॅसला लावलेली असते, किंवा डिफ्यूझर अशा कोपऱ्यात असतो जिथे पाणी हलतच नाही आणि सगळे बुडबुडे सरळ वर जाऊन फुटतात. मग तो माणूस तिसरा डिफ्यूझर घेतो, तोही तसाच लावतो, झाडं तशीच राहतात आणि वर शेवाळ येतं.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. कृपा करून क्रम मोडू नका, कारण इथे आधीची पायरी कच्ची राहिली की पुढच्या पायरीवर जे दिसतं ते फसवं असतं. उदाहरणाला आपला नेहमीचा २ फुटी टँक धरलाय, ६० × ३० × ३६ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरला तर ६५ लिटरच्या आसपास आणि माती-दगड धरून प्रत्यक्षात ५०-५५ लिटर पाणी.

आणि एक आधीच विचारून घ्या स्वतःला. टँकमध्ये फक्त अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट अशी झाडं आणि साधा लाइट असेल तर सीओटू नसला तरी चालतं. माँटे कार्लोचा गालिचा हवाय, लाल रोटाला हवाय, लाइट जोरात आहे, तर पुढे वाचा.

## १. आधी गॅस कुठून येणार ते पक्कं करा

डिफ्यूझर निवडायच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण प्रत्येक डिफ्यूझरला ठरावीक प्रेशर लागतं आणि तेवढं मिळालं नाही तर तो कितीही महाग असो, चालणार नाही.

यीस्ट आणि साखरेची बाटली: प्रेशर कमी, रोज वेगळं, आणि रात्री बंद करता येत नाही. स्टीलचा बझूका किंवा इनलाइन ॲटमायझर (हे डिफ्यूझरचेच प्रकार, पुढे येतील) यावर चालवायचा प्रयत्न करू नका. हलक्या प्रेशरचा काचेचा डिफ्यूझर किंवा शिडीसारखा वळणावळणाचा प्लॅस्टिकचा डिफ्यूझर, एवढेच दोन पर्याय. मध्ये पाण्याची एक रिकामी बाटली जोडा, नाहीतर यीस्टचा फेस कधीतरी टँकमध्ये उतरतो.

लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा: दोन्ही २००-२०० ग्रॅम आणि पाणी ३०० मिलीच्या आसपास, हे २ लिटरच्या स्टीलच्या जनरेटरचं नेहमीचं प्रमाण. तुमच्या किटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. प्रेशर चांगलं येतं, नीडल व्हॉल्व्ह (गॅस अगदी थोडा कमी-जास्त करायची चावी) लावता येतो, काचेचा आणि बझूका दोन्ही चालतात. सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो.

सिलिंडर आणि रेग्युलेटर (सिलिंडरचं प्रेशर कमी करून देणारा): ३ फुटाच्या वरच्या टँकला, किंवा वर्षानुवर्षं करायचं असेल तर हाच मार्ग.

*इशारा:* काचेच्या बरणीत लिंबूसत्त्व-सोड्याचा प्रयोग अजिबात नको. प्रेशर वाढलं की बरणी फुटते आणि काचा उडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलं स्टीलचं भांडं किंवा चांगल्या किटची बाटली, एवढंच.

*इशारा:* आग विझवायचा जुना सीओटू सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण घेतात. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी एक नळी असते. ती तशीच ठेवली तर गॅसऐवजी द्रवरूप सीओटू रेग्युलेटरमध्ये घुसतो आणि रेग्युलेटर गोठून खराब होतो. ती नळी गॅसवाल्याकडून काढून घ्या, नाहीतर तो सिलिंडर घेऊच नका.

सिलिंडर घेताना खांद्यावर कोरलेली टेस्टची तारीख बघा, रेग्युलेटर सोबत नेऊन आटे जुळतात का ते दुकानातच बघा आणि रिकामं वजन लिहून ठेवा. आत द्रव शिल्लक आहे तोवर रेग्युलेटरवरचा सिलिंडरचं प्रेशर दाखवणारा काटा हलत नाही, तो खाली यायला लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो. किती गॅस उरला ते सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच कळतं.

## २. आता डिफ्यूझर निवडा

काचेचा, सिरॅमिक डिस्कवाला. १ ते दीड बारवर (बार हे प्रेशरचं माप) बहुतेक चालतात. १ ते २ फुटी टँकला उत्तम. टँकमध्ये दिसायला चांगला, धुवायला सोपा, पण हातातून निसटला की गेला आणि ट्यूब ओढून काढताना मान मोडते. डिस्कचा व्यास बघा, २ फुटी टँकला २ सेंमीच्या आसपासची डिस्क पुरते. छोट्या डिस्कमधून जास्त गॅस ढकलला की बुडबुडे मोठे होतात.

स्टीलचा बझूका. धुक्यासारखे बारीक बुडबुडे, पण त्याला २ बार किंवा जास्त लागतं. प्रेशर कमी पडलं की एकाच टोकाकडून मोठे बुडबुडे सुटतात आणि लोक म्हणतात पीस डिफेक्टिव्ह आहे.

इनलाइन ॲटमायझर. कॅनिस्टर फिल्टरच्या (टँकबाहेर ठेवायच्या फिल्टरच्या) पाइपमध्ये बसतो, टँकमध्ये काही दिसत नाही. यालाही २ बारच्या पुढे प्रेशर हवं. पाइपचा साइझ बघूनच घ्या, १२/१६ की १६/२२ मिमी, कारण मागाहून जुगाड करून बसवला की गळतो आणि ते पाणी थेट कॅबिनेटमध्ये. बसवायचा फिल्टरमधून टँककडे परत येणाऱ्या पाइपवर. फिल्टरच्या आधी लावला तर गॅस फिल्टरमध्ये साठतो, खडखड आवाज येतो आणि फ्लो पडतो.

रिॲक्टर. यात गॅस पूर्ण विरघळूनच बाहेर येतो, टँकमध्ये धुकं दिसत नाही. ३-४ फुटी टँकला माझी पहिली पसंती हीच, पण फ्लो थोडा खातो, त्यामुळे फिल्टर दमदार हवा.

एअर पंपाचा दगड डिफ्यूझर म्हणून वापरू नका. त्याचे बुडबुडे एवढे मोठे असतात की विरघळायच्या आधीच वर पोचतात.

*तपासा:* रेग्युलेटरच्या दुसऱ्या काट्यावर (बाहेर जाणाऱ्या गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या) किती प्रेशर येतं आणि डिफ्यूझरच्या डब्यावर किती लिहिलंय? हे दोन आकडे जुळत नसतील तर इथेच थांबा. १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, डब्यावर कधी हे तर कधी ते लिहिलेलं असतं.

## ३. जोडणीचा क्रम

सिलिंडर, मग रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा), नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर (बुडबुडे मोजायची कुपी), ट्यूब, चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि शेवटी डिफ्यूझर.

ट्यूब पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या, ६ मिमी बाहेरून आणि ४ मिमी आतून. न्यूमॅटिकच्या दुकानात मीटरवर मिळते आणि स्वस्त असते. सिलिकॉनमधून सीओटू आरपार झिरपतो, म्हणजे काउंटरमध्ये बुडबुडे दिसतात पण डिफ्यूझरपर्यंत कमी गॅस पोचतो. काचेच्या डिफ्यूझरच्या मानेवर मात्र सिलिकॉनचा इंचभर तुकडा लावा, त्यातून जाणारा गॅस नगण्य असतो आणि काच वाचते. तो चढवताना मान आणि तुकडा दोन्ही ओले करा, मान अगदी मुळाशी चिमटीत धरा आणि हळूहळू फिरवत चढवा.

चेक व्हॉल्व्हवर बाण असतो, तो टँककडे. गॅस बंद झाला की टँकमधलं पाणी ट्यूबमधून मागे यायला बघतं, ते सोलेनॉइडपर्यंत गेलं तर सोलेनॉइड गेला. प्लॅस्टिकचे चेक व्हॉल्व्ह काही महिन्यांत दगा देतात. पितळेचा किंवा स्टीलचा घ्या.

*तपासा:* साबणाचं पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा, ५ मिनिटं बघत राहा. एक बारीक फुगा जरी वाढताना दिसला तरी तो जोड पुन्हा करा. बंद खोलीत तर हे न चुकता करा, सीओटू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. सिलिंडर उभाच ठेवा आणि पट्ट्याने बांधा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच.

## ४. डिस्क भिजवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. नवी डिस्क कोरडी असते, तिच्या छिद्रांत हवा असते. तशीच लावली तर गॅस सगळ्यात सोप्या दोन-चार छिद्रांतून निघतो आणि तिथून ढबढब बुडबुडे येतात. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, किमान ३-४ तास तरी. भिजलेल्या डिस्कच्या छिद्रांत पाणी बसतं, मग प्रेशर सगळीकडे सारखं वाढतं आणि पूर्ण डिस्कवरून धुकं उठतं. डिस्कला बोट लावू नका, हाताचं तेल छिद्रांत बसतं.

## ५. जागा ठरवा

डिफ्यूझर तळापासून दोन-तीन बोटं वर, कारण बुडबुड्याला जितका लांबचा प्रवास तितका तो जास्त विरघळतो. पण खोलीपेक्षा महत्त्वाचा आहे प्रवाह. फिल्टरच्या तोंडातून निघालेलं पाणी समोरच्या काचेवर आपटून खाली वळतं, त्या वळणावर डिफ्यूझर आला तर बुडबुडे वर पळायच्या ऐवजी झाडांमधून आडवे फिरतात. माझ्या टँकमध्ये फिल्टरचं तोंड डावीकडे मागे आहे आणि डिफ्यूझर उजवीकडे पुढच्या कोपऱ्याजवळ.

*तपासा:* काचेला डोळा लावून एकाच बुडबुड्याच्या मागे जा. डिस्कवरून सुटला, थोडा वर गेला, प्रवाहात सापडला, रोटालाच्या शेंड्यांमधून गेला आणि जाता जाता बारीक होऊन दिसेनासा झाला, तर जागा बरोबर. तो ४-५ सेकंदांत पृष्ठभागावर येऊन फुटत असेल तर डिफ्यूझर हलवा किंवा फिल्टरच्या तोंडाची दिशा बदला. डिफ्यूझर बदलायची गरज नाही.

पृष्ठभागावर हलकी थरथर असू द्या. गॅस उडून जाईल म्हणून काही जण पाणी अगदी शांत ठेवतात, मग ऑक्सिजन आत जात नाही, वर तेलकट पापुद्रा येतो आणि मासे हैराण होतात. गॅस थोडा जास्त लागला तरी चालेल.

## ६. पहिल्यांदा चालू करताना

नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद. सिलिंडरचा कॉक हळू उघडा. वर्किंग प्रेशर (दुसऱ्या काट्यावरचं) डिफ्यूझरला लागेल तेवढं ठेवा. सोलेनॉइड चालू. मग नीडल व्हॉल्व्ह अगदी केसभर फिरवा आणि हात काढून घ्या.

इथे सगळ्यात जास्त चूक होते. काउंटरमध्ये बुडबुडे सुरू होतात पण डिस्कवर काहीच दिसत नाही, कारण ट्यूबमध्ये प्रेशर साठायला वेळ लागतो, १० मिनिटं, कधी २०. माणसाचा धीर सुटतो, तो नीडल अजून उघडतो, अजून उघडतो आणि मग एकदम सगळा साठलेला गॅस सुटतो आणि टँक सोड्याच्या बाटलीसारखा होतो. थांबा. आधी डिस्कच्या कडेला दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतील, मग मध्ये, मग हळूहळू पूर्ण डिस्क पांढुरकी होईल आणि तिच्यावरून पावडरसारखं काहीतरी उडायला लागेल. तेव्हा काउंटर मोजा. २ फुटी टँकला सुरुवात सेकंदाला १ बुडबुडा. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, मित्राच्या टँकवर ३ चालतात म्हणून तुमच्यावर ३ लावू नका, प्रत्येक काउंटरचा बुडबुडा वेगळ्या आकाराचा असतो.

*इशारा:* पहिला दिवस सुट्टीचाच निवडा. चालू करून ऑफिसला निघून जाऊ नका.

## ७. वेळ आणि टायमर

गॅस लाइटच्या १ ते २ तास आधी चालू आणि लाइट बंद व्हायच्या १ तास आधी बंद. लाइट दुपारी २ ते रात्री ९ असेल तर गॅस साडेबारा ते ८. झाडं अंधारात सीओटू घेत नाहीत, उलट तीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे रात्री गॅस चालू ठेवणं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, लाइट जाणे. गोल फिरणारा मेकॅनिकल टायमर लाइट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. दिवसाला ३ तास लाइट गेली तर तुमचा सीओटू ८ ऐवजी ११ ला बंद होतो, पुढच्या दिवशी अजून उशिरा. मे महिन्यात माझ्याकडे हेच झालं. सकाळी उठून बघतो तर सगळे रासबोरा पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले इतक्या जोरात हलतायत की आतला लाल भाग दिसतोय, आणि श्रिंप्स झाडं सोडून फिल्टरच्या पाइपवर वरपर्यंत चढलेल्या. गॅस मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होता. चार मासे गेले. त्याच आठवड्यात बॅटरीवाला डिजिटल टायमर आणला.

दुसरी गोष्ट, सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या लाइनवर असं कधीच करू नका. लाइट गेली की फिल्टर थांबतो आणि गॅस मात्र येतच राहतो. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या.

लिंबूसत्त्वाच्या किटला सोलेनॉइड नसेल तर रोज रात्री हाताने बंद करावं लागेल, मोबाइलवर अलार्म लावा.

## ८. बुडबुडे मोजून थांबू नका, पाण्यात किती विरघळला ते मोजा

धुकं दिसतंय म्हणजे गॅस विरघळलाय असं नाही. धुकं म्हणजे न विरघळलेला गॅस. मोजायचे दोन मार्ग आहेत, दोन्ही वापरा.

ड्रॉप चेकर. ही टँकमध्ये लावायची छोटी कुपी, आतल्या रंगावरून सीओटू कळतो. यात ४ डीकेएचचं (केएच म्हणजे पाण्याचा कार्बोनेट कडकपणा) तयार द्रावण आणि निळं रंगद्रव्य घालायचं. टँकचं पाणी घालायचं नाही, ही चूक फार दिसते. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर केएच जास्तच असतो, मग गॅस भरपूर असूनही चेकर निळा राहतो आणि माणूस गॅस वाढवत बसतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास, पिवळा म्हणजे जास्त. डिफ्यूझरच्या विरुद्ध बाजूला, मध्यावर लावा. बुडबुडे थेट चेकरच्या तोंडात शिरले तर रंग खोटा दाखवतो. आणि रंग तास-दोन तास उशिराने बदलतो, म्हणजे आत्ता दिसतंय ते मघाचं आहे.

पीएचची घट. सीओटू विरघळला की पाण्याचा पीएच उतरतो. टँकचं पाणी ग्लासात काढून २४ तास उघडं ठेवा, मग पीएच मोजा. समजा ७.६ आला. आता गॅस चालू असताना, लाइट लागायच्या वेळी टँकमध्ये मोजा. तो ६.६ असेल म्हणजे १ ची घट, म्हणजे सीओटू उघड्या पाण्यापेक्षा १० पट, साधारण ३० पीपीएम. मोजण्याआधी पीएच पेन ६.८६ आणि ४.०० च्या पुड्यांच्या द्रावणात कॅलिब्रेट करा, नाहीतर या आकड्यांना काही अर्थ नाही.

लाइट लागायच्या वेळीच घट पूर्ण झालेली हवी आणि पुढे गॅस बंद होईपर्यंत आकडा जवळपास तिथेच राहायला हवा. दुपारी ०.५, संध्याकाळी १.२ असं वर-खाली होत असेल तर काळं दाढीसारखं शेवाळ येतं, आणि ते एकदा दगडाला धरलं की काढताना जीव जातो.

बदल करायचा तर नीडल अगदी थोडा फिरवायचा, पूर्ण दिवस मासे बघायचे, मग दोन दिवसांनी पुढचा बदल. मी माझ्या टँकला योग्य आकड्यावर आणायला जवळपास तीन आठवडे घेतले.

*इशारा:* मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर चेकरचा रंग काहीही असो, गॅस लगेच बंद, एअर पंप चालू, आणि अर्धं पाणी बदला, क्लोरिन काढलेल्या पाण्याने. चेकरपेक्षा माशांवर विश्वास ठेवा.

## ९. उन्हाळ्यात आकडा बदलतो

एप्रिल-मे मध्ये टँकचं पाणी सहज ३०-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. जानेवारीत जो गॅस सुखाने चालत होता तोच मे मध्ये मारतो. पाणी २८ च्या वर गेलं की मी गॅस कमी करतो, लाइटही १ तास कमी करतो आणि पृष्ठभागाची थरथर वाढवतो. वर एक पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र रोज भरावं लागतं.

सिलिंडरही गच्चीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, गरमीने आतलं प्रेशर भराभर चढतं.

## १०. सफाई

३-४ आठवड्यांत डिस्क हिरवट-तपकिरी होते आणि बुडबुडे मोठे व्हायला लागतात. तेव्हा नीडल वाढवू नका, डिस्क धुवा.

१ भाग साधं, वास नसलेलं ब्लीच आणि ३ भाग पाणी, अर्धा ते एक तास. फक्त काचेचा भाग बुडवा, सक्शन कप काढून ठेवा. तपकिरी थर आपोआप सुटतो, कडेपासून पांढरी व्हायला लागते आणि शेवटी मध्यावरचा डाग जातो, तो जाईपर्यंत थांबायचं. मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवा आणि अँटीक्लोरिनच्या दुप्पट डोसच्या पाण्यात तासभर ठेवा. नाकाजवळ धरून बघा, ब्लीचचा जरासा जरी वास आला तरी परत बुडवा. स्टीलचा बझूका ब्लीचमध्ये फार वेळ ठेवू नका, गंजतो.

बोअरच्या पाण्यामुळे डिस्कवर पांढरे क्षार बसले असतील तर ब्लीचने जाणार नाहीत, त्याला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी लागतं.

*इशारा:* ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व एकत्र कधीही नाही, विषारी क्लोरिन गॅस निघतो. एक दिवस हे, पूर्ण धुऊन दुसऱ्या दिवशी ते. आणि खिडकी उघडी ठेवून.

ब्रश, तारेचा चोथा, सुई, यातलं काही डिस्कवर चालवू नका. छिद्रं मोठी झाली की ती परत बारीक होत नाहीत.

धुतलेली डिस्क परत लावली की पहिल्या दिवशी गॅस जास्त विरघळतो, कारण बुडबुडे पुन्हा बारीक झालेले असतात. मळलेल्या डिस्कवर सेट केलेला नीडल तसाच ठेवला तर संध्याकाळपर्यंत चेकर पिवळा होतो. म्हणून बसवण्याआधी नीडल थोडा कमी करा आणि पीएच पुन्हा मोजा. मी दोन डिफ्यूझर ठेवतो, एक टँकमध्ये आणि एक धुऊन पाण्याच्या डबीत भिजत, डबीच्या झाकणावर तारीख लिहून.